वरच्या मळ्याची पिंपं

९ नोव्हेंबर

आमचे हे शिडीवरून पडले. पडले म्हणजे काय, उतरताना शेवटची पायरी समजून बिनधास्त पाय टाकला आणि ती शेवटची नव्हती. नडगीचं हाड मोडलंय. मांडीपर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, हिवाळाभर जिना चढायचा-उतरायचा नाही. त्यावर ह्यांनी विचारलं, "आणि माझी पिंपं?" डॉक्टर बिचारे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, डोक्यालाही मार लागलाय. मी सांगितलं, नाही हो, हे असेच आहेत.

पुढच्या खोलीत पलंग टाकला. एका खिडकीतून वरचा द्राक्षमळा दिसतो, दुसरीतून खालचा. खालचा दिसू नये म्हणून पलंग फिरवायला लावला. पाय मोडलेल्या माणसाशी कोण वाद घालणार. मी आणि शेजारच्या सुताराने मिळून फिरवला.

१० नोव्हेंबर

आज दिवसभर शिकवणी. तळघरातलं काम आता माझ्या गळ्यात पडलंय, आणि ह्यांचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही.

काम ऐकायला सोपं आहे. पिंप लाकडाचं, आणि लाकूड वाइन पितं. आठवड्या-दीड आठवड्याने पातळी थोडी उतरते, वर हवा साठते, आणि हवा साठली की वाइन आंबते. म्हणून त्याच मळ्याची राखीव वाइन काचेच्या बुधल्यांत ठेवलेली असते. बूच काढायचं, बुधल्यातून पिंप काठोकाठ भरायचं, बूच परत ठोकायचं. पांढऱ्या शार्डोनेत शार्डोने, तांबड्या पिनोत पिनो. आणि दोन्ही फक्त वरच्या मळ्याची. हे वाक्य मी आज इतक्या वेळा ऐकलं की झोपेत बडबडेन.

सासरे होते तेव्हा मळा एकच होता आणि वाइनही एकच. ते गेल्यावर भाऊजी म्हणाले, वरची माती वेगळी, खालची वेगळी, दोन्हीकडची वाइन वेगळी ठेवून बघू. हे म्हणाले, बाबांनी एकत्र केली, आपणही एकत्रच करायची. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी ह्यांच्या तोंडून गेलं, "कर मग सगळंच वेगळं." भाऊजींनी केलं. मळ्याच्या मधोमध दगडी बांध आला, वरचा आमचा, खालचा त्यांचा. आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून, खाली तळघर एकच, तर त्याच्याही मधोमध लाकडी पट्ट्यांचं कुंपण आलं. सहा वर्षं झाली, भाऊ भावाशी बोलत नाही. आणि गंमत अशी की ज्यांना वेगळं नको होतं, त्यांनीच आता 'एका मळ्याची वाइन' हा धर्म करून ठेवलाय.

११ नोव्हेंबर

काल लिहायचं राहिलं, खरी काळजी वेगळीच आहे. मार्चमध्ये थुंकणाऱ्या बाई येणार. हे नाव मी ठेवलंय. बाई मोठ्या शहरातून येतात, लहान लहान मळ्यांची थोडीथोडकी वाइन शोधून विकत घेतात. घोट घेतात, तोंडात घोळवतात आणि बादलीत थुंकतात. चाखणारे सगळेच थुंकतात म्हणा, पण बाईंइतकं नेमकं कोणी नाही. दोन वर्षं नुसत्या चाखून गेल्या. गेल्या खेपेला म्हणाल्या, पुढच्या वर्षी जमली तर सगळी घेईन, बाटलीवर मळ्याचं नाव टाकून.

नाही घेतली तर ती मोठ्या कारखान्याच्या टाकीत जाईल. तिथे कुणाच्या मळ्याची, कुणाच्या हातची, कोणी विचारत नाही. ह्यांना तेच खातंय. बोलत नाहीत, पण जेवताना भिंतीकडे बघत बसतात.

१४ नोव्हेंबर

पहिल्यांदा पिंपं भरली. आजवर मी वरच्या खोलीत पाहुण्यांना पेले भरून देणारी. ते म्हणणार, चव लिंबाच्या सालीची, ओल्या दगडाची, मी मान डोलावणार. ओला दगड कोणी चाटून पाहिलाय देव जाणे.

थोडी सांडली. वर बघते तर कुंपणापलीकडे भाऊजी उभे. मी म्हटलं, "ह्यांचा पाय मोडला."

"कळलं," म्हणाले. मग, "वहिनी, बूच लावण्याआधी पिंपाचं तोंड पुसून घ्या." आणि गेले.

वर येऊन ह्यांना सांगितलं, सगळं नीट झालं. सांडल्याचं आणि भाऊजींचं सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर

आज भरायला गेले तर पिंपं जवळजवळ भरलेलीच. घोटभर लागली. मला फार बरं वाटलं. म्हणजे मागच्या वेळी मी काम चोख केलं होतं.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "शक्य नाही."

"का शक्य नाही?"

"लाकूड पिणारच. तू नीट बघितलंस का? दिवा खाली धरला होतास?"

म्हटलं, दिवा धरला होता, डोकं धरलं होतं, आता तुमचा पाय धरायचा राहिलाय. त्यावर हसले. पडल्यापासून पहिल्यांदा. पण रात्री परत तेच, शक्य नाही, शक्य नाही. हवा शिरत असेल, मार्चपर्यंत व्हिनेगर होईल. मी पाठ फिरवून झोपले.

३ डिसेंबर

पुन्हा घोटभरच. यंदा थंडी दमट आहे, लाकडाला तहान नसेल.

बूच मात्र मी इतकं घट्ट कधी ठोकलं कळत नाही. निघता निघेना. आणि तळघरातल्या कुंपणाच्या फाटकाची कडी लावायला मी विसरत चाललेय, आज परत उघडी होती. वय झालं. आईचंही असंच सुरू झालं होतं. ह्यांना सांगणार नाही, त्यांना आहे ती काळजी पुरे.

कपडे वाळत घालताना धाकटी, म्हणजे माझी जाऊ, तिच्या अंगणातून म्हणाली, "ताई, तुम्ही तळघरात कधी जाता? सकाळी की दुपारी?" एवढ्या वर्षांत आमचं बोलणं म्हणजे ऊन पडलं, पाणी आलं, इतकंच. आणि आता एकदम चौकशी. मी सांगितलं, दुपारी, हे झोपले की. समोरासमोर यायचं नसेल तिला. मला जरा वाईटच वाटलं. ही लग्न होऊन आली तेव्हा हिला कामं मी शिकवली होती.

११ डिसेंबर

ह्यांनी सोडलं नाहीच. म्हणाले, माझ्या डोळ्यांनी बघता येत नाही तर निदान नाकाने बघू दे. काचेच्या नळीने प्रत्येक पिंपातून थोडी काढायला लावली. दोन पेले वर नेले, एक पांढऱ्या शार्डोनेचा, एक तांबड्या पिनोचा.

आधी शार्डोने. हुंगली. पेला फिरवला, परत हुंगली. मग घोट घेऊन डोळे मिटले. मी उभीच.

शेवटी मी विचारलं, "आंबली का हो?"

"नाही."

"मग?"

"चांगली आहे," म्हणाले. आवाज कसातरीच झाला होता. मग पिनो घेतली आणि तिलाही तसाच बराच वेळ लावला. थुंकायला वाटी ठेवली होती, ती कोरडीच राहिली.

मला वाटतं दुखत असेल. औषधाची वेळही टळली होती.

१२ डिसेंबर

आज म्हणाले, कालची पिनो परत आण. आणली. सगळी प्यायले.

२० डिसेंबर

माणूस बदललाय. कुरकूर नाही, 'शक्य नाही, शक्य नाही'चा जप नाही. घोटभर लागली म्हटलं की "हं" म्हणतात आणि खुशाल पडून राहतात. उलट आज मलाच म्हणाले, "तू फार खाली जाऊ नकोस. जिना निसरडा आहे. आठवड्यातून एकदा पेला आणण्यापुरती जा."

मी म्हटलं, "आणि पिंपं?"

"होतंय ना नीट. उगाच कशाला हात लावायचा."

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या कामावर इतका भरवसा कधी टाकला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले, आनंदाने. मला हा माणूस फार आवडतो. हे त्याला तोंडावर सांगायची सोय नाही, लगेच म्हणेल, आज काय बिघडलंय.

२१ डिसेंबर

विचारत होते, "तो खोकतो का गं अजून?"

"कोण तो?"

"तोच," म्हणाले आणि भिंतीकडे बोट केलं. थंडीत भाऊजींना खोकला होतो, लहानपणापासूनचा. मी म्हटलं, मला नाही ऐकू आला. म्हणाले, मला ऐकू येतो, दुपारी, खालून येतो. गोळ्यांची गुंगी असेल, तळघरातलं पलंगावर कसं ऐकू येईल.

९ जानेवारी

मान दुखते म्हणून पलंग परत फिरवायला लावला. सुतार म्हणाला, आता कायमचं ठरवा एकदा. आता खालचा मळा समोर दिसतो. मी विचारलं, चालेल ना? म्हणाले, छाटणी बरी केलीय त्याने. मग लगेच, "माझ्याइतकी नाही."

७ फेब्रुवारी

प्लास्टर काढलं. पाय काडीसारखा झालाय, पण काठीने चालतात. अंगणात फिरले, रस्त्यावर फिरले, सुताराच्या दुकानापर्यंत जाऊन बढाया मारून आले. मी दिवा तयार ठेवला, म्हटलं, चला आता खाली, बघा तुमची पिंपं.

"नको. पाय नको म्हणतो."

"रस्त्यावर मघाशी नको म्हणाला नाही तो."

"जिन्याचं वेगळं असतं."

ज्या माणसाने डॉक्टरला पहिला प्रश्न पिंपांचा विचारला, तो जिन्याच्या तोंडापर्यंत जातो, कान देऊन उभा राहतो आणि परत फिरतो. मला भीती वाटायला लागली आहे. पडल्यावर माणसाच्या मनात धास्ती बसते म्हणतात. मी चुचकारून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी म्हटलं, राहू दे, माझ्याने होतंय तोवर मी करीन.

१६ मार्च

बाई उद्या येणार. तळघर झाडलं, पेले घासले, थुंकायची बादली चकचकीत केली. हे सकाळपासून दाढी करून बसलेत. म्हटलं, उद्या आहे हो. म्हणाले, माहीत आहे. उद्या खाली उतरणार म्हणतात. रात्री जेवले नाहीत.

१७ मार्च

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

बाई आल्या. हे काठी टेकत जिना उतरले. पाय अजिबात नको म्हणाला नाही. कुंपणापलीकडे भाऊजी आणि धाकटी त्यांच्या पिंपांशी काही करत होते, म्हणजे केल्यासारखं करत होते.

बाईंनी शार्डोने घेतली. तोंडात घोळवली, थुंकल्या. परत घेतली. मग पिनो. आणि पिनोचा दुसरा घोट, मी डोळ्यांनी पाहिलं, गिळला. म्हणाल्या, "वरच्या मळ्याची इतकी चांगली मी कधी चाखली नव्हती. दोन्ही घेते. सगळी. बाटलीवर मळ्याचं नाव, खाली तुमचं."

मी मनातल्या मनात हात जोडले. हिवाळाभराची दगदग फळाला आली असं वाटलं. तेवढ्यात हे म्हणाले,

"बाई, एका मळ्याचं नाव टाकता येणार नाही. हिच्यात खालच्या मळ्याची वाइन आहे."

मी म्हटलं, "अहो, काय बोलताय? मी दुसरीचा थेंबही ओतलेला नाही."

"तू नाही," म्हणाले, आणि कुंपणाकडे बघत राहिले.

भाऊजी फाटकातून अलीकडे आले. मान खाली. मला म्हणाले, "वहिनी, रागावू नका. तुम्ही सांडायच्या भीतीने हात आवरत होता. पहिल्याच दिवशी पाहिलं. पिंपात बोटभर हवा राहिली होती. तशीच ठेवली असती तर सगळी आंबली असती. मग भरली. आणि मग दर वेळी तुमच्या आधी येऊन भरत गेलो."

घोटभर, घोटभर म्हणून मी किती मिरवलं.

हे म्हणाले, "इथे आमचे बुधले भरलेले होते. त्यातली का नाही घेतलीस?" सहा वर्षांत भावाशी बोललेलं पहिलं वाक्य, तेही चौकशीचं.

भाऊजी म्हणाले, "तुझ्या बुधल्याला तुला न विचारता हात कसा लावणार दादा? चोरी झाली असती."

"म्हणून स्वतःची ओतलीस."

"स्वतःची ओतायला कुणाला विचारायचं?"

बाई एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, किती गेली असेल? भाऊजी म्हणाले, लाकडाने प्यायली तेवढी. मागून धाकटी म्हणाली, "राखीव सगळी संपली. मग आमचं एक लहान पिंपही फोडलं." तिला बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही तिला.

बाई खरं तर भल्या आहेत. म्हणाल्या, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं, पण आता कळलं. माझं गिऱ्हाईक एका मळ्याची म्हणून घेतं, मी खोटं नाव लावू शकत नाही. ह्यांनी मान हलवली. म्हणाले, "म्हणून तर सांगितलं." आणि मग काठीने कुंपणापलीकडे दाखवलं. "ती घ्या. ती एकट्या खालच्या मळ्याची आहे. चांगली आहे. मी हिवाळाभर प्यायलोय."

भाऊजी म्हणाले, "दादाची घेत नसाल तर माझी विकायची नाही."

"गप बस," हे म्हणाले. "विक."

बाईंनी तिकडची चाखली आणि भाऊजींची सगळी घेतली. आमची एक बाटलीही नाही.

गाडी गेल्यावर मी ह्यांना अंगणात गाठलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच पेल्याला. खालच्या मळ्याची मला कळणार नाही? लहानपणापासून नाकात बसलीय."

"मग तेव्हाच का नाही थांबवलंत? डिसेंबरात थांबवलं असतं तर आज एवढं नुकसान झालं नसतं. मार्चपर्यंत आपलं नाव घालवत बसलात."

काठीच्या टोकाने माती उकरत राहिले. मग म्हणाले, "थांबवलं असतं तर तो आला असता का?"

तेव्हा मला आठवलं, जिन्याच्या तोंडाशी कान देऊन उभे राहायचे, परत फिरायचे. आणि मी त्याला धास्ती म्हणत होते. इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर राहून मला काही म्हणजे काही कळत नाही. त्यांना धरून मी तिथेच उभी राहिले. लोक रस्त्याने जात होते, जाऊ देत.

१८ मार्च

कारखान्याकडे पाठवायची नाही असं ठरलं. आपणच बाटल्या भरायच्या, मळ्याचं नाव न घालता, आणि मी वरच्या खोलीत विकायच्या. किती खपेल देव जाणे. मला भीती वाटते. पण दुपारी हे स्वतः शेजारच्या दारात गेले आणि काठीने दार वाजवलं. धाकटीने उघडलं आणि नुसती बघतच राहिली. मग म्हणाली, "आत या, भाऊजी." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, ऊन लागलं.

४ एप्रिल

दोघं सकाळपासून तळघरात. बाटल्या आता भरायच्या की उन्हाळा जाऊ द्यायचा, ह्यावर. आधी नुसता बोलल्याचा आवाज येत होता, मग चढला, मग ओरडाओरडी. धाकटी पदराला हात पुसत धावत आली. "ताई, परत भांडतायत. परत तसंच होईल."

"नाही होणार," मी म्हटलं. आम्ही दोघी जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसलो. खालून हे ओरडत होते, तुला काय कळतं, आणि भाऊजी ओरडत होते, तुलाच तेवढं कळतं. मग एकदम सगळं शांत झालं. चुळबूळ नाही, काठीचा आवाज नाही. धाकटीने माझा हात घट्ट धरला. मी मनात म्हटलं, गेला वाटतं एक जण निघून.

मग भाऊजी खोकले. आणि हे म्हणाले, "बस खाली. घसा सुकलाय तुझा. आधी पी, मग भांड."

धाकटी रडायला लागली. मी तिला म्हटलं, चल, आपण स्वयंपाकाला लागू, ह्यांचं काही संध्याकाळपर्यंत आटपत नाही.